गंज तेवढा काढायचा : आजोबांची हत्यारांची पेटी पुन्हा कामाला कशी लावावी

आमच्या तात्यांची पेटी जिन्याखाली पंधरा वर्षं पडून होती. सागाची, अडीच फूट लांब, पितळी कडीची. तिच्यावर कुलरच्या खसाच्या ताट्या, दिवाळीच्या माळांचा खोका आणि कोणाची तरी दहावीची गाइडं. रामबागेतलं घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला, "भंगारवाला किलोच्या भावानं नेईल. नाहीतर एखादा रंधा चकाचक पॉलिश करून हॉलमध्ये ठेवू, अँटिक दिसतं." मला दोन्ही पटेना. मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते, पटाशी कधी हातात धरलेली नव्हती. तरी पेटी राजेंद्रनगरला माझ्या बाल्कनीत आणली. उचलायला दोन हमाल लागले. हीच पेटी तात्या साठी उलटल्यावर सायकलच्या कॅरिअरला आडवी बांधून इंदूरभर हिंडवायचे.

पुढच्या सात-आठ महिन्यांत जे केलं आणि जे बिघडवलं ते लिहून ठेवते आहे. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर ती कामाला लावता येते, त्यासाठी सुतार असावं लागत नाही. अट एकच. गंज काढायचा, पण त्यांच्या हाताच्या खुणा काढायच्या नाहीत. बोलायला सोपं आहे. पहिल्याच आठवड्यात मी एक मूठ कायमची काळी करून बसले, ते पुढे येईलच.

आधी काहीच पुसू नका

झाकण उघडलं की पहिल्यांदा फडकं शोधावंसं वाटतं. शोधू नका. जशी आहे तशी वरून फोटो काढा, मग एकेक थर उचलत प्रत्येक थराचा काढा. रोज लागणाऱ्या वस्तू माणूस वर ठेवतो, त्यामुळे थर म्हणजे त्यांच्या दिवसाचं वेळापत्रकच असतं. आमच्या पेटीत वरच्या खणात चपटी सुतारी पेन्सिल (चपटी अशासाठी की उतरत्या फळीवरून गडगडत नाही), गुण्या, रेघ आखायचा खतकश, पितळी बिजागऱ्यांचा घडीचा फूट आणि एक छोटी पत्र्याची डबी होती. मला वाटलं, चुका-खिळे असतील. निघालं जीरावण, पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला! वास कधीच उडाला होता, रंग मात्र शिल्लक. बाहेर कुठे पोहे मिळाले आणि त्यावर जीरावण कमी पडलं तर तात्यांचं काम अडलं असतं.

खाली करवती, तीन रंधे, पटाश्या, विंधणं, वाकस, गिरमिट, मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. अगदी तळाला फडक्यात गुंडाळलेला मिलमधला एक धोटा. तात्या तिशीपासून एका कापड मिलच्या सुतारखात्यात होते. सकाळी भोंग्याला मिलमध्ये, दुपारी घरी दोन घास, मग मल्हारगंजातल्या गाळ्यावर रात्री नऊपर्यंत. मिल बंद पडली तेव्हा साठीला आलेले, देणी वर्षानुवर्षं अडकलेली. त्यानंतर ती सायकल.

मोठ्या रंध्याच्या तोंडात, म्हणजे जिथून सालपटं वर येतात त्या फटीत, गुलाबी भुकटी अडकली होती. मी फुंकर मारणारच होते. मग लक्षात आलं की हा गुलाल आहे. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, बघून, तसेच रंगलेले, ते संध्याकाळी कोणाचं तरी अडलेलं दार तासायला गेले असणार. ती भुकटी अजून तिथेच आहे. रंध्याला तिचा काही त्रास नाही.

आता प्रत्येक हत्यार दोन्ही हातांत धरून बघा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, चुकून सापडलं. पटाशीची बाभळीची मूठ एका बाजूला इतकी झिजलेली की अंगठ्याएवढा खळगा पडला आहे. माझा उजवा अंगठा त्यात बसेना. वाटलं, त्यांचा हात मोठा, माझा लहान. मग सहज डावीकडे घेतली, तर अंगठा खळग्यात अलगद जाऊन बसला. रंध्यांचंही तेच, मागच्या बाजूची झीज उलट्या अंगाला. तात्या जेवायचे उजव्या हातानं, लिहायचे उजव्या हातानं, आम्हाला टपल्याही उजव्या हातानंच मारायचे. हत्यार मात्र डावखुरं! आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारमारून उजव्यावर आणलं होतं म्हणे. गाळ्यावर कोण मारणार?" बेचाळीस वर्षांच्या नातीला हे एका पटाशीनं सांगितलं. मूठ आधीच घासून गुळगुळीत केली असती तर ते कधीच कळलं नसतं.

म्हणून मुठींना पॉलिश पेपर लावायचाच नाही. ओलसर पिळलेल्या फडक्यानं मळ पुसा, दिवसभर सावलीत सुकवा आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. रंगाच्या दुकानात 'बेलतेल' म्हणून मागा. महादेवाच्या बेलाशी त्याचा संबंध नाही. वीस मिनिटांनी जे तेल मुरलं नसेल ते पुसून घ्या, नाहीतर मूठ चिकट राहते.

आणि ते तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. यावर मला तात्यांबरोबर काम केलेल्या पॉलिशवाल्या चाचांनी फोनवर झापलं. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन ओढतं आणि गरम होतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. कठड्यावर एकेरी पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात भिजवून टाका. "बेटा, दुकानें जली हैं ऐसे," असं म्हणून चाचांनी फोन ठेवला.

हत्यार हातात द्या, मग विचारा

सगळं चादरीवर मांडलेलं असतानाच घरातल्या जुन्या माणसांना बोलवा. पुसून परत पेटीत गेल्यावर नाही. मी आधी आत्याला विचारलं होतं, "तात्या कसे होते गं?" उत्तर आलं, "फार कष्टाळू. फार हसरे." श्रद्धांजलीच्या जाहिरातीत हेच छापतात. पुढच्या वेळी काही न विचारता तिच्या हातात शिकंजा दिला, म्हणजे सरस लावलेले लाकडाचे दोन तुकडे आवळून धरायचं ते लोखंडी हत्यार. ती हसायलाच लागली.

ती सात वर्षांची असताना तात्यांनी तिला शेजारच्या गाळ्यातून "शिकंजा आण" म्हणून पिटाळलं. ती नाक्यावरून भांडंभर शिकंजी घेऊन आली. आपली इंदुरी शिकंजी लिंबाची नसते, दूध आटवून, मेवा घालून घट्ट केलेली असते. पैसे तात्यांच्या नावावर मांडून आली होती. तात्यांनी सरस लावलेली चौकट तशीच सोडली, गाळ्यावरच्या सगळ्यांना शिकंजी वाटली, आणि तोवर सरस सुकला म्हणून सांधा पुन्हा उकलून केला. त्या दिवसापासून गाळ्यावर कोणालाही शिकंजा हवा असला की आधी विचारायचे, "पिण्याचा की आवळायचा?"

फोन टेबलावर पालथा ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि त्याच्याकडे बघू नका. लोक फोनशी बोलायला लागले की भाषण करतात. एकावेळी एकच हत्यार द्या. ऐकताना मध्ये सन विचारू नका, सन नंतर जुळवता येतो.

चाचांच्या हातात मी गिरमिट दिलं तर ते अनंत चतुर्दशीच्या झांकीत शिरले. गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे देखावे, इंदुरात रात्रभर निघतात. गिरण्या बंद पडल्या, झांक्या अजून निघतात. तात्यांकडे चालत्या पुतळ्यांचं काम असायचं. पुतळा हलतो तो आतल्या चाकामुळे. चाकाचा आस मधोमध न घेता जरा बाजूला घेतला की चाकाला टेकलेली दांडी वर-खाली होते आणि हात उचलतो किंवा मान हलते. आस किती सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकवला त्यावर हात किती उचलेल ते ठरतं. एका वर्षी कुंभकर्ण होता, सावकाश जांभई देणारा. रात्री दोनच्या सुमारास मोटरचा पट्टा चाकाच्या मोठ्या पुलीवरून निसटला, कोणीतरी घाईत लहान पुलीवर चढवला. कुंभकर्ण एका मिनिटात चाळीस जांभया द्यायला लागला. रस्त्यावरची गर्दी हसून लोळली. तात्या तेलाचा बुधला घेऊन गाडीच्या पोटात पालथे पडले होते. बाहेर डोकं काढून त्यांनी गर्दीकडे पाहिलं, आणि पट्टा बदलायला कोणाला हात लावू दिला नाही. "चलने दो, लोग खुश हैं." चाचांच्या मते पुढच्या तीन चौकांत कुंभकर्ण तसाच गेला.

आणि नऊशे बारा. आमच्या घरात कोणतीही गोष्ट जास्त झाली की 'नऊशे बारा' म्हणतात. भाजीत मीठ पडलं, नऊशे बारा. लग्नात पाहुणे वाढले, नऊशे बारा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच मराठी घरांत म्हणत असतील. १९४५-४६ च्या रणजी हंगामात होळकर संघानं इंदूरला म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला, एका डावात सहा शतकं झाली. तात्या तेव्हा तेरा वर्षांचे, एका मिस्त्रीच्या हाताखाली. कामावर दांडी मारून झाडावरून मॅच बघितली, परत आल्यावर मार खाल्ला, आणि सांगायचे की मार पण नऊशे बाराच होता. त्या सामन्यात म्हैसूर एक डाव आणि २१३ धावांनी हरलं. तात्यांचा मात्र नेहमी हिशोब असायचा की मिस्त्रीनं फॉलोऑन दिला असता तर आपणही तसेच हरलो असतो.

गंज

आता कामाला लागू. वरवरचा लालसर गंज रॉकेल लावून भांडी घासायच्या तारेनं निघतो. रॉकेल आता सहज मिळत नाही, टर्पेंटाइन चालतं. खोल, खवल्यांचा गंज असेल तर पांढरा सिरका, तोच जो चायनीजच्या गाडीवर असतो. चार-पाच टक्के आम्ल पुरतं. पातं बुडेल इतका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ओता आणि रात्रभर ठेवा. चोवीस तासांपेक्षा जास्त नाही, कारण गंज संपला की आम्ल लोखंडालाच खायला लागतं. सकाळी तारेनं घासलं की काळा गाळ सुटतो. मग खायचा सोडा कालवलेल्या पाण्यात पाच मिनिटं, लगेच साध्या पाण्यात, लगेच कोरडं, लगेच तेल. 'लगेच' तीनदा लिहिलं आहे ते मुद्दाम. मधे चहा घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत नवा गंज बसलेला असतो. मी हेअर ड्रायर वापरला. तेल शिलाई मशीनचं.

रंध्याचं पातं वेगळं निघतं, ते निर्धास्त बुडवा. पटाशीला मूठ असते, ती उलटी टांगून फक्त लोखंड बुडेल असं बघा. मी उभी ग्लासात ठेवली. सिरका कापडासारखा वर चढला आणि सकाळी बाभळीच्या मुठीचा खालचा दोन बोटं भाग शाईसारखा काळा. कारण कळलं ते असं: सिरक्यात विरघळलेलं लोखंड आणि बाभळीतलं टॅनिन भेटले की काळा रंग होतो. बाभळीची साल कातडं कमवायला याच टॅनिनसाठी वापरतात. लाकूड मुद्दाम काळं करायचं असेल तर हीच कृती आहे. मला करायचं नव्हतं. सुदैवानं अंगठ्याचा खळगा वर होता, तो वाचला.

करवतीला सिरका देऊ नका, दात बारीक असतात. बोथट पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून पात्यावरून दांड्याकडून टोकाकडे फिरवा. दात घासायला तिधारी कानस लागते आणि दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे हलके वाकवावे लागतात. मी एक दात करून पाहिला आणि उरलेले एका म्हाताऱ्या धारवाल्याला दिले. त्यानं माझा दात न सांगता ओळखला.

पितळ चिंचेनं घासा, पण एकदाच आणि हलकं. आमच्या घडीच्या फुटावरचे आकडे आधीच पुसट होत चालले आहेत.

धार

याला वेळ द्या. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, पण बोथट पटाशी लाकडात शिरत नाही म्हणून आपण जोर लावतो, ती घसरते आणि दुसऱ्या हातात जाते. माझ्या डाव्या तर्जनीला दोन टाके आहेत.

काचेच्या दुकानातून जाड काचेचा पुस्तकाएवढा तुकडा आणा, कडा घासून घ्या. काच सपाट असते, त्यासाठीच. त्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर चिकटवा, २२०, मग ४००, मग १००० नंबरचा. आधी पटाशीची पाठ, म्हणजे उताराची नव्हे तर दुसरी सपाट बाजू. टोकाकडचा एक इंच पुरे. मार्करनं पाठ रंगवा, दहा-बारा वेळा घासा आणि बघा. जिथे शाई उरली तिथे खळगा आहे. शाई टोकापर्यंत सगळीकडून जाईपर्यंत २२० सोडू नका. मला पहिल्या पटाशीला पाऊण तास लागला, तिसरीला दहा मिनिटं. पाठ एकदा केली की पुन्हा करावी लागत नाही.

मग उतार. पुस्तकी आकडा तीस अंशाचा आहे, पण तीस अंश बाल्कनीत मोजणार कशानं? तात्यांचा हिशोब सुतात होता, आणि चाचांना तो पाठ आहे: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट. पातं एक सूत जाड तर उतार दोन सूत, दीड सूत तर तीन. मी घरी येऊन भूमितीनं ताळा केला, तर बरोबर तीस अंश येतो. तात्या चौथी शिकलेले.

उतार कागदावर पूर्ण टेकवा, मनगट आवळून धरा आणि फक्त मागे ओढा. ढकलू नका, कागद फाटतो. काही वेळानं पाठीवरून बोट हलकेच धारेच्या बाहेर, धारेच्या लांबीनं नव्हे, सरकवलं की केसाएवढी खरखरीत किनार लागते. ती पूर्ण रुंदीला लागली म्हणजे काम झालं, पुढच्या नंबरवर जा. शेवटी पाठ एकदा हजारवर टेकवून ती किनार मोडा आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर दहा-वीस वेळा ओढा.

धार बघायला अंगठा लावू नका. तात्या हाताचे केस उडवून बघायचे. हे आत्याला सांगितलं तर ती सहज म्हणाली, "त्यांच्या उजव्या हातावर केस कधी नव्हतेच की." उजव्या हातावर! म्हणजे पटाशी डाव्यात. झीज खरं बोलत होती. मी हाताचे केस सोडून वर्तमानपत्र कापून बघते. कागद न फाटता सरळ कापला गेला की ठीक.

रंधा

लाकडी रंध्याचं पातं काढायला पात्याला ओढू नका. रंधा हातात धरून मागच्या टोकावर मोगरीनं एक टोला द्या, पाचर सैल होते. नाही झाली तर दुसरा. लावताना पातं तळाच्या किंचित बाहेर, पाचर हलकी ठोकून बसवायची. मग पात्याच्या डोक्यावर टिचकीएवढा ठोका दिला की ते पुढे येतं, रंध्याच्या मागच्या टोकावर दिला की मागे जातं. तळाकडून एका डोळ्यानं बघा. पातं काळ्या केसासारखं दिसलं पाहिजे, पट्टीसारखं नाही. तळावर मेणबत्ती दोनदा घासा, रंधा निम्म्या जोरात चालतो.

पहिलं सालपट निघालं ते सागाच्या जुन्या फळीचं. त्याचा वास, तो तेलकट, चामड्यासारखा वास, मला सरळ गाळ्यावर घेऊन गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. १९८४ मध्ये राजवाडा जळला, ज्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, तेव्हा तात्या दोन-तीन दिवस जेवताना बोलत नसत, एवढं आत्याला आठवतं. त्या वेळी शहरात शीखविरोधी दंगलीत जे घडत होतं त्यात लाकडासाठी कोण रडणार, म्हणून गप्प असतील.

फर्निचरच्या पोटाखाली बघा

हे पेटीबाहेरचं काम, पण फुकट आहे. त्यांनी बनवलेलं जे काही नातेवाइकांकडे असेल त्याचे खण काढून उलटे करा, पलंगाखाली आडवे व्हा. टॉर्च समोरून मारू नका, बाजूनं, लाकडाला जवळजवळ टेकवून मारा, म्हणजे पुसट पेन्सिलही उठून दिसते. ओलं फडकं अजिबात नको.

सुतार हिशोब लाकडावरच करतो. आकडे वाचता यावेत म्हणून एवढं माहीत असू द्या: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४, म्हणजे घनफूट. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. भाव घनफुटावर असायचा. सांध्यांवर जोड्यांच्या खुणा असतात, कोणता दांडा कोणत्या खाचेत जायचा त्या. बहुतेक सुतार रेघा मारतात, एक, दोन, तीन. आमच्या तात्यांच्या खुणा म्हणजे मिशी, पोपट, भजं. (भजं आहे हे आत्या सांगते. मला तो ढग वाटला होता.)

आत्याच्या लग्नातल्या पलंगाखाली मी मोबाइल धरून उताणी झोपले तेव्हा पोपटाशेजारी हे सापडलं: "सा. ६ × ८ × १॥. जावई वजनदार, फळी जाड." काकांना जाऊन सहा वर्षं झाली. मी बाहेर येऊन आत्याला फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून, फोटो मोठा करून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "दीड इंची? आम्हाला तर सव्वाची लावली म्हणून सांगितलं होतं."

पेटी परत भरताना

पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवू नका, खाली दोन पट्ट्या घालून उचलून ठेवा. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या आम्ही आता साठवतो. लोखंडाला जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा तेलाचं बोट. पटाश्यांच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. खिळखिळ्या दांड्याची हातोडी पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका. दांडा फुगतो, आठवड्यानं सुकतो आणि आधीपेक्षा सैल होतो. बेलतेल आणि नवी पाचर, बस.

आणि वापरा. माझं पहिलं खरं काम लोकमान्यनगरातल्या आत्याच्या मागच्या दाराचं. तात्यांनीच केलेलं सागाचं दार, ऑगस्टमध्ये फुगून चौकटीत अडकलं होतं. कृती सांगते. चौकटीला खडू फासा, दार लावून उघडा, जिथे खडू उमटेल तिथे घासतं आहे. लाकूड आडवं फुगतं, लांबीत नाही, म्हणून बिजागरीची बाजू सोडून कडीची बाजू तासायची. वरच्या-खालच्या कडेला लाकडाच्या रेषांची टोकं येतात, तिथे रंधा बाहेरून आत चालवा, नाहीतर कोपरा फुटतो. एका वेळी चार हात, मग दार लावून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भर पावसाळ्यात फक्त अडकणं सुटेल इतकंच घ्या, उरलेलं दसऱ्यानंतर. हे मला चाचांनी सांगितलं, पण नंतर. मी उत्साहात दोन सूत उडवले. सालपटं इतकी सुंदर निघत होती की थांबवेना. दिवाळीनंतर दार सुकलं, आकसलं, आणि बंद दाराच्या फटीतून मागची तुळस दिसायला लागली. आत्यानं एक डोळा मिटून फटीतून पाहिलं आणि म्हणाली, "नऊशे बारा."

आता तिथे सागाची दोन सुती पट्टी चिकटवायची आहे. सरस लावून झाला. शिकंजा आणायला नऊ वर्षांच्या भाच्याला पाठवला आहे, वीस मिनिटं झाली, अजून आलेला नाही.